मुलांचा फावला वेळ आणि शासनाचे अर्थसाहाय्य

(शिक्षण परिषदेत वाचन व चर्चेसाठी अभ्यासलेख)

मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा शाळेच्या वेळापत्रकापाशी येऊन थांबते. परिपाठापासून शेवटच्या तासापर्यंत मूल काय करते हे सांगण्यास हजेरीपट आहे, मूल्यमापनाची पत्रके आहेत, तपासणीचे शेरे आहेत. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या वेळाची मात्र कोठेही नोंद होत नाही. वास्तविक, मुलामुलांतील अंतर या वेळातच अधिक वाढते. वर्गात पाठ्यपुस्तक सर्वांस एकच, पोषण आहाराची खिचडी एकाच पातेल्यातली. शाळा सुटली की एक मूल पोहण्याच्या तलावावर, तबल्याच्या वर्गास किंवा बुद्धिबळाच्या शिकवणीस जाते, आणि त्याच्या शेजारी बसणारे दुसरे मूल कुंपणाबाहेरून त्याचा खेळ पाहते. या दोघांत बुद्धीचा किंवा हौसेचा फरक असतोच असे नाही. पुष्कळदा फरक असतो तो महिन्याच्या शुल्काचा.

हे शुल्क भरण्यास शासनाने कुटुंबाला मदत करावी काय, आणि करावयाची तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न गेल्या सुमारे वीस वर्षांत अनेक देशांनी हाताळला आहे. प्रस्तुत लेखात कॅनडा, जर्मनी व आइसलँड या तीन देशांचे प्रयोग मुख्यत्वे विचारात घेतले आहेत. तिन्ही देश आपल्याहून संपन्न आहेत. तेव्हा तेथील रकमांचे रुपयांत रूपांतर करून आश्चर्य करीत बसण्यात अर्थ नाही. पाहावयाचे ते एवढेच की, दिलेला पैसा कोणत्या वाटेने गेला आणि त्या वाटेवर कोणते मूल उभे होते.

या प्रश्नास कायद्याचीही बाजू आहे. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत केलेल्या बालहक्क संहितेच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती, फावला वेळ, खेळ व सांस्कृतिक जीवनातील सहभाग हे बालकाचे हक्क म्हणून मान्य केले आहेत. भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. खेळ हे अभ्यास पुरा केल्याबद्दलचे बक्षीस आहे, ही आपल्या मनातील जुनी समजूत या कलमाशी जुळत नाही. गृहपाठ न केलेल्या मुलाला खेळाच्या तासास वर्गात बसवून ठेवणाऱ्या शिक्षकाने हे कलम एकदा अवश्य वाचावे.

प्रथम कॅनडाचा प्रयोग पाहू. तेथील केंद्र शासनाने २००७ पासून मुलांच्या व्यायाम व क्रीडा उपक्रमांच्या खर्चावर आयकरात सवलत दिली. सोळा वर्षांखालील मुलासाठी पालकाने वर्षभरात केलेला ५०० डॉलरपर्यंतचा खर्च हिशेबात धरावयाचा आणि त्याच्या १५ टक्के रक्कम करातून वजा करावयाची, अशी ही योजना होती. २०११ पासून संगीत, चित्रकला आदी कलांच्या शिक्षणासही तशीच सवलत मिळू लागली. योजना दिसण्यास सोपी, राबविण्यास त्याहून सोपी. नवे कार्यालय नको, नवा कर्मचारी नको. पालकाने पावती जपून ठेवावी आणि वर्षअखेर विवरणपत्रात तेवढा आकडा लिहावा.

आता दोन कुटुंबे कल्पू. पहिल्या घरी वडील हिशेबनीस आहेत. त्यांनी मुलाच्या पोहण्याच्या वर्गाचे ५०० डॉलर भरले. ५०० चे १५ टक्के म्हणजे ७५ डॉलर. तेवढा त्यांचा कर कमी झाला. दुसऱ्या घरी आई एकटी असून कार्यालये झाडण्याचे काम करते. तिची मिळकत इतकी थोडी की तिला आयकर लागतच नाही. तिने पोटाला चिमटा घेऊन ५०० डॉलर भरले, तरी वजा करण्यास कर नसल्यामुळे तिला मिळाले शून्य. शिवाय ही सवलत वर्ष संपल्यावर मिळावयाची. ज्या घरात ऑक्टोबर महिन्यात ५०० डॉलर नाहीत, त्या घराला पुढच्या वसंतात ७५ डॉलर परत मिळतील या आश्वासनाचा काय उपयोग? जे कुटुंब मुलाला तसेही पोहण्यास पाठविणारच होते, त्याच्या पदरात शासनाने थोडे पैसे टाकले, आणि जे पाठवू शकत नव्हते ते होते तेथेच राहिले. अभ्यासकांनाही पाहणीत हेच आढळले की, सवलतीची माहिती असणे व ती प्रत्यक्ष घेणे या दोन्ही बाबतींत सधन कुटुंबे पुढे होती. शासनाने २०१४ मध्ये खर्चाची मर्यादा १,००० डॉलर केली व २०१५ पासून कर न भरणाऱ्या पालकांनाही क्रीडा-सवलतीची रक्कम मिळण्याची सोय केली. परंतु आधी पैसे भरावयाचे ही अट राहिलीच. पुढे सत्तांतर झाले. २०१६ साली मर्यादा निम्मी करण्यात आली आणि २०१७ पासून केंद्राच्या या दोन्ही सवलती बंद झाल्या.

जर्मनीची वाट निराळी आहे. तेथे या विषयाचा आरंभ न्यायालयात झाला. बेकार व अल्प मिळकतीच्या कुटुंबांना तेथे शासनाकडून निर्वाहभत्ता मिळतो. मुलांचा भत्ता ठरविताना प्रौढाच्या भत्त्याचा ठराविक टक्का काढून तो मुलाच्या नावे लिहीत. कार्ल्सरूह येथील संघीय घटना न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१० रोजी ही रीत घटनाबाह्य ठरविली. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, त्याच्या गरजा त्याच्या वाढीच्या दृष्टीने स्वतंत्रपणे मोजल्या पाहिजेत, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हा विचार शिक्षकाला नवा वाटणार नाही. परंतु तो हिशेबाच्या वहीत उतरविण्यास एका राष्ट्राला न्यायालयाचा निर्णय लागला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रौढाच्या खर्चात दारू-तंबाखूचा हिशेब येतो. वह्या, रंगपेटी, वाढत्या पायाला दर वर्षी लागणारे नवे बूट यांचा येत नाही. प्रौढाचा टक्का काढून मुलाची रंगपेटी कशी सापडणार?

या निर्णयानंतर २०११ साली जर्मन संसदेने ‘शिक्षण व सहभाग’ या नावाची योजना संमत केली. तीत शाळेचे साहित्य, दुपारचे जेवण, सहली यांबरोबर एक लहानसे कलम होते : अठरा वर्षांखालील मुलास क्रीडामंडळाची वर्गणी, संगीताचे शिक्षण किंवा सुट्टीतील शिबिर यांसाठी दरमहा १० युरो. १ ऑगस्ट २०१९ पासून ही रक्कम १५ युरो झाली. जर्मनीत गावोगावी क्रीडामंडळे आहेत व त्यांची मुलांची वर्गणी माफक असते. तेथे हे पैसे पुरतात. संगीत-शाळेत व्हायोलिन शिकावयाचे तर ते पुरत नाहीत. तरीही कलम लहान म्हणून महत्त्व कमी होत नाही. फुटबॉलच्या संघात असणे ही मुलाची गरज आहे, असे त्यात प्रथमच कायद्याने लिहिले गेले.

अडचण आली ती कागदांची. प्रत्येक बाबीसाठी निराळा अर्ज, सोबत मंडळाचा दाखला, भत्ता मिळत असल्याचा पुरावा, आणि मुदत संपली की पुन्हा सर्व पहिल्यापासून. दरमहा दहा युरोंसाठी एवढी यातायात किती पालक करणार? हक्कदार मुलांपैकी पुष्कळांनी या पैशास हात लावला नाही, आणि योजनेवर सर्वांत अधिक टीका झाली ती याच कारणासाठी. दुसरी अडचण कागदावर न दिसणारी होती. दाखला घेऊन मूल प्रशिक्षकापुढे उभे राहिले की, त्याचे घर भत्त्यावर चालते हे साऱ्या संघाला कळे. दहा वर्षांच्या मुलाला या गोष्टीची लाज वाटते. आणि लाज टाळण्याचा त्याच्यापाशी एकच उपाय असतो. ‘मला फुटबॉल आवडत नाही’ असे ते घरी सांगते. आईवडिलांनाही ते ऐकून सुटल्यासारखे वाटते. असे वाक्य कोणत्याही अहवालात येत नाही, म्हणून योजना करणाऱ्यांस ते ऐकू जात नाही.

जर्मन शासनाने यांतील काही दोष पुढे दूर केले, हेही नमूद केले पाहिजे. २०१३ च्या दुरुस्तीने वर्गणीखेरीज बूट, वाद्याचे भाडे अशा अनुषंगिक खर्चासही वाव दिला. २०१९ च्या कायद्याने बहुतेक बाबींसाठी निराळ्या अर्जाची अट काढली. काही नगरपालिकांनी दाखल्याऐवजी साधे कार्ड दिले, जेणेकरून चारचौघांत घडी उलगडून दाखवावयाचा कागद उरला नाही. २०११ ते २०१३ या काळात शाळांतील समाजकार्यकर्त्यांसाठीही केंद्राने निधी दिला होता. पालकाच्या शेजारी बसून अर्ज भरून देणारे माणूस असले तर पैसा पोहोचतो. नसले तर तो तिजोरीतच राहतो. आपल्याकडील शिष्यवृत्तीच्या अर्जांचा अनुभव असलेल्या शिक्षकांस हे निराळे सांगावयास नको.

आता आइसलँड. उत्तर अटलांटिक महासागरातील या बेटाची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. १९९० नंतरच्या दशकात तेथील किशोरवयीन मुलांत मद्यपान फार वाढले होते. १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची पाहणी केली असता, त्यांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात एकदा तरी दारूच्या नशेत होती असे आढळले. २३ टक्के मुले रोज सिगारेट ओढीत. २०१६ साली हे आकडे अनुक्रमे ५ व ३ टक्के झाले. अठरा वर्षांत झालेला हा बदल पाहण्यासाठी नंतर अनेक देशांतून लोक तेथे गेले.

हे एका उपायाने झाले नाही. अठरा वर्षांखाली तंबाखू व वीस वर्षांखाली मद्य विकत मिळणार नाही, असे निर्बंध केले गेले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी दहानंतर पालकांशिवाय बाहेर राहू नये, या नियमाचे पालन होऊ लागले. उन्हाळ्यात तेथे रात्रीही उजेड असतो म्हणून दोन तासांची सूट. पालकांनी एकत्र येऊन मुलांसमवेत अधिक वेळ घालविण्याचे लेखी संकल्प केले. दर काही काळाने शाळाशाळांतून प्रश्नावली भरून घेण्यात आल्या व त्यांचे निष्कर्ष त्या त्या वस्तीतील पालकांपुढे ठेवले गेले. याच्या जोडीला मुलांच्या मोकळ्या वेळाची व्यवस्था केली गेली : बंदिस्त क्रीडागृहे, पगारी व प्रशिक्षित मार्गदर्शक, संगीत व नृत्य यांचे वर्ग. १९९७ साली आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा संघटित खेळात भाग घेणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले २४ टक्के होती. २०१२ साली ती ४२ टक्के झाली.

या व्यवस्थेत सर्व मुलांना प्रवेश मिळावा म्हणून राजधानी रेक्याविक येथील नगरपालिकेने २००७ पासून ‘फ्रीस्तुंदाकोर्त’ सुरू केले. या शब्दाचा अर्थ मोकळ्या वेळाचे कार्ड असा आहे. शहरातील सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या नावे नगरपालिका वार्षिक रक्कम लिहून ठेवते. २०१६ साली ती ३५,००० क्रोना होती. २०१७ साली ५०,००० झाली व २०२३ पासून ७५,००० झाली. पालकाच्या हाती रोख काही येत नाही. त्याने मुलाचे नाव एखाद्या मान्य उपक्रमात नोंदविले की रक्कम थेट त्या मंडळाकडे जाते व उरलेले शुल्क पालक भरतो. मिळकतीचा दाखला नाही, गरिबीचा पुरावा नाही. डॉक्टरच्या मुलीकडे व मासळीच्या कारखान्यातील कामगाराच्या मुलीकडे एकच कार्ड असते, त्यामुळे कार्डावरून कोणाचे घर कसे हे कळत नाही. कॅनडाच्या योजनेतील आधी भरण्याचा दोष आणि जर्मनीच्या योजनेतील दाखल्याचा दोष, दोन्ही येथे टळले आहेत.

येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. आइसलँडमधील मद्यपान कमी होण्यास आरंभ झाला तेव्हा हे कार्ड नव्हते. २००७ पर्यंत आकडे पुष्कळ खाली आलेले होते. तेव्हा कार्डामुळे दारू सुटली असे म्हणणे म्हणजे कोंबडा आरवल्यामुळे सूर्य उगवला असे म्हणण्यासारखे होईल. कार्डाचे काम निराळे व मर्यादित आहे. जी व्यवस्था उभी राहिली, तिच्या दारातून पैशाअभावी कोणी परत जाऊ नये, एवढेच ते पाहते.

आणि तेही काम ते पुरते करू शकत नाही. परदेशांतून आलेल्या कुटुंबांची संख्या अधिक असलेल्या ब्रेइदहोल्त या भागात कार्डाचा वापर शहरातील इतर भागांपेक्षा कमी आढळून आला. पैसा तोच, मूल त्याच शहरातले. परंतु सूचना कळणे, नोंदणी करणे, मंडळाच्या प्रमुखाशी बोलणे या सर्वांना भाषा लागते व ओळख लागते. दुसरी गोष्ट अशी की, शाळा सुटल्यावर लहान मुलांना सांभाळणाऱ्या केंद्राचे शुल्कही या कार्डातून भरता येते. जिचे काम सायंकाळपर्यंत चालते अशी आई साहजिकच मुलाला सांभाळण्याची सोय आधी पाहते. मग पियानोसाठी कार्डात काही राहत नाही. सधन घरी तीच रक्कम पूर्णपणे पियानोस जाते. समान रक्कम दिल्याने समान संधी मिळतेच असे नाही, याचे हे उदाहरण मोठे बोलके आहे.

मग साहाय्य सर्वांस द्यावे की गरजूंस? ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्याने २०१८ मध्ये प्रत्येक शाळकरी मुलास क्रीडाशुल्कासाठी १०० डॉलरचे पत्रक दिले. २०२४ पासून ते ५० डॉलरप्रमाणे वर्षातून दोनदा आणि शासकीय कुटुंबभत्ता मिळणाऱ्या घरांपुरतेच ठेवले. सर्वांस दिल्यास खर्च फार होतो व पुष्कळसा पैसा नको तेथे जातो. निवडक दिल्यास दाखला आला आणि दाखल्यामागून लाज आली. या दोहोंतून सुटण्याचा निर्दोष मार्ग अद्याप कोणास सापडलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखकाचा कल सर्वांस देण्याकडे आहे; कारण वाया गेलेला पैसा पुढील अंदाजपत्रकात भरून काढता येतो, परंतु संघातून परत फिरलेले दहा वर्षांचे मूल पुढील वर्षी अकरा वर्षांचे झालेले असते.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांकडे वळल्यावर चित्र पुष्कळ बदलते. येथे साहाय्य कुटुंबास न जाता शाळेस येते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे व प्रत्येक वर्गास आवश्यकतेनुसार खेळाचे साहित्य मिळावे असे म्हटले आहे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेस ५,००० व उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपयांपर्यंत वार्षिक क्रीडा-अनुदानाची तरतूद करण्यात आली. वीस पटाच्या वस्तीवरील प्राथमिक शाळेत हे दर मुलामागे २५० रुपये होतात; दोनशे पटाच्या शाळेत २५ रुपये. पंचवीस रुपयांत दोरीवरच्या उड्यांची एक दोरीही कशीबशी येते. तरीही या रीतीचा एक गुण मान्य केला पाहिजे. शाळेचा चेंडू सर्वांचा असतो. तो हाती घेण्यास कोणासही दाखला दाखवावा लागत नाही.

मात्र तो चेंडू मैदानावर यावयास हवा. कित्येक शाळांत क्रीडासाहित्य कपाटात कुलूपबंद असते, आणि त्याचे कारण शिक्षकाची अनास्था हे नेहमीच नसते. साहित्य जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेले असते. ते झिजले, हरवले, तर खुलासा द्यावा लागेल, निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागेल, ही धास्ती असते. परिणामी सर्वांत नवी दिसणारी बॅट सर्वांत कमी वापरलेली असते. चेंडू फाटणे हे त्याचा उपयोग झाल्याचे लक्षण आहे. तपासणी अधिकाऱ्यांनी साहित्य शिल्लक किती याबरोबरच झिजले किती हेही विचारले, तर ही धास्ती पुष्कळ कमी होईल.

खेड्यात कबड्डीस, खो-खोस, विटीदांडूस शुल्क नाही. म्हणून येथे कोणी मूल खेळास मुकत नाही असे समजणे मात्र भ्रामक आहे. येथील किंमत निराळ्या नाण्यांत घेतली जाते. पाचवीतील मुलगी शाळा सुटताच धाकट्या भावाला कडेवर घेते. तिला मैदानाची वाट मोकळी असते, हात मोकळे नसतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामाचे सहा महिने गावात नसतात. हंगामी वसतिगृहात राहिली तर त्यांची सायंकाळ तेथील व्यवस्थेवर अवलंबून राहते. तालुक्याच्या स्पर्धेस संघ पाठवावयाचा तेव्हा एस.टी.चे भाडे, गणवेश, बूट यांचा प्रश्न येतो, आणि ज्यांना जमेल ते जातील असा एक अलिखित नियम नकळत लागू होतो. संघ निवडला गेला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो भाड्याने निवडलेला असतो. अशा वेळी शाळा व्यवस्थापन समितीने सर्व खेळाडूंचे भाडे एकत्रितपणे उभारावे व कोणत्या मुलाचे कोणी भरले याची चर्चा वर्गात होऊ देऊ नये. जर्मनीतील मुलाने जे सांगितले तेच आपल्याकडील मूलही सांगते. ‘मला जायचेच नाही, गुरुजी’ हे उत्तर मिळाल्यास शिक्षकाने ते लगेच खरे धरू नये; संघातील इतर मुले घरी गेल्यावर पुन्हा एकदा विचारावे.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गापुरती एक नोंद करून आणावी. सलग दोन आठवडे शाळा सुटल्यावर अर्धा तास मैदानावर थांबावे आणि कोण खेळतो हे न लिहिता, हजेरीपट समोर ठेवून, कोण खेळत नाही त्यांची नावे लिहावीत. प्रत्येक नावापुढे कारण लिहिण्यासाठी जागा सोडावी व ते कारण मुलाच्या घरी जाऊन समजून घ्यावे. परिषदेत ही नावे मोठ्याने वाचू नयेत. कारणे तेवढी वाचावीत. त्यांतील किती पैशाने दूर होण्यासारखी आहेत, किती शाळेच्या वेळापत्रकात थोडा बदल केल्याने, आणि किती घरच्या माणसांशी बोलल्याने, याची विभागणी फळ्यावर करावी. क्रीडा-अनुदानाचा पुढील खर्च ठरविताना ती यादी केंद्रप्रमुखांनी शाळा व्यवस्थापन समित्यांपुढे ठेवावी.